कोकराच्या मेंदूतली दारं

एम.एस्सी.च्या सुट्टीत मी पालमजवळच्या आमच्या गावी आले होते. त्या सकाळी मेंढ्यांना जंताचं औषध पाजायचं होतं. कळपाच्या एका टोकाला आबा, म्हणजे माझे वडील, आणि दुसऱ्या टोकाला मी. ज्याला पाजलं त्याच्या कपाळाला गेरूचा टिक्का, ही आमच्या घरची पद्धत. एका कोकराला आबांनी पाजून टिक्का लावला. त्याच्या आईने तो मायेने चाटून काढला. मी कोरं कपाळ बघितलं आणि त्याला पुन्हा पाजलं, तेही घाईत, मोठ्या मेंढीइतकं.

दुपारी कोकराने मान टाकली. श्वास चालू होता, पण पाय ओल्या फडक्यासारखे.

"पोरगी लय शिकली अन् कोकरू निजवलं," चुलते म्हणाले. "जीव हाय तवर कापून घ्या दादा."

आबांनी माझ्याकडे बघितलं. "तुझ्या पुस्तकात काय म्हणतेत?"

मला रडू येत होतं, तरी सांगितलं. मेंदूतल्या पेशींना बारीक दारं असतात. गाबा नावाचं रसायन दाराला लागलं की ते उघडतं, क्लोराइड आत शिरतं आणि पेशी गप्प होते. त्या दारांना रिसेप्टर म्हणतात. जंतांनाही तशीच दारं असतात; हे औषध ती उघडी धरतं आणि जंत लुळा पडतो. मेंढीच्या मेंदूत औषध सहसा पोचत नाही. पण कोकरू बारकं, डोस मोठा.

"म्हणजे मेलं न्हाई?"

"न्हाई आबा. गप्प झालंय. औषध उतरलं की दारं मिटतील."

गुरांच्या डॉक्टरांना फोन केला. उतारा नाही, ऊब द्या, कूस बदलत राहा, गिळत असेल तरच थोडं थोडं दूध द्या, असं ते म्हणाले.

आबा चुलत्यांना म्हणाले, "सुरी ठिव. दारं मिटूस्तोर थांबू."

अडाणी म्हणवून घेणाऱ्या माझ्या बापाने माझ्या शब्दावर एक जीव ठेवला होता. दोन दिवस माय आणि मी आळीपाळीने कोकरापाशी बसलो. तिसऱ्या सकाळी ते धडपडत उठलं, पडलं, पुन्हा उठलं आणि आईच्या कासेला ढुशा देऊ लागलं. माय हसता हसता खाली बसली.

आता चुलते जेवून आडवे झाले आणि कुणी हाक मारली, की डोळे मिटूनच म्हणतात, "माझी दारं उघडी हायत. मिटल्यावर या."