आमच्या घरात पुदिन्याचं मीठ होत न्हाई

बायांनो, आज सकाळी नातसून लसूण-कोथिंबिरीचं मीठ कुटून राहिली होती. कुंडीतला पुदिना तिनं उखळात टाकला आन् मी ओरडले, "काढ ते!"

"आजी, पुदिन्यानं तुमचं काय घोडं मारलं?"

मग सांगितलं तिला. तुमी पण ऐका.

निजामाचं राज्य गेलं त्या सालची गोष्ट. औंढ्याजवळच्या खेड्यात आमच्या शेजारी हाजराचाची राहायची. पुदिना तिच्या घरामागच्या बंद अंगणात, मीठ आमच्याकडं. मीठ हातात देत न्हाईत, म्हणून आई वाटी मधल्या भिंतीवर ठेवायची. चाची त्यात पुदिना कुटून वाटी परत तिथंच ठेवायची.

मग रझाकारांच्या जुलमाचा सूड गावात उठला. मुसलमानांची घरं ओस पडली. चाचीच्या दाराला बाहेरून कुलूप. समदे म्हणाले, पळाली.

आईनं तरी मिठाची वाटी भिंतीवर ठेवली, सोबत भाकर. सकाळी भाकर न्हाई, मीठ हिरवंगार. आई मला म्हणाली, "बाहेर बोललीस तर जीभ उपटीन."

असं रोज चाललं. मग एका सकाळी भाकर तशीच आन् मीठ पांढरंच. आईनं वाटी उचलली, तेच मीठ घालून कालवण केलं. पुदिन्याचं नाव पुन्हा काढलं न्हाई.

नातसून म्हणते, "निसटली असंल हो चाची."

असंल. पण कुलूप तर तसंच होतं.

तुमाला काय वाटतं, ते लिहा. मला बरं वाटावं म्हणून मात्र लिहू नका.