बैलाला असते ती अमावस्या

राहुरीच्या बाजारात मी कांद्याचं बी बघत उभा होतो. बायकांच्या वर्गातल्या जैतूनचा दीर सायकल हाणत आला, सायकल तशीच भुईवर टाकली आणि म्हणाला, "मामा, गाडी जुंपा. बाई देवळालीच्या वर्गात पडल्या." कशी पडली, शुद्धीत आहे का, मी काही विचारलं नाही. मला आधी राग आला, आणि तो माझाच आला. त्या सकाळी घरातून निघताना चप्पल पायात सरकवायला माझ्या बायकोनं भिंतीचा आधार घेतला होता. मी ते बघितलं होतं आणि गप्प बसलो होतो. का गप्प बसलो, ते पुढं येईलच. देवळालीला पोचलो तर बायकांनी पाट्या बाजूला सारून तिला सतरंजीवर निजवलं होतं, डोकं जैतूनच्या मांडीवर. गेली होती. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलेलं होतं, अंगात काही उरलंच नव्हतं. शिकलेला माणूस, पण त्यांनी सांगितलं ते मला दोन वर्षं आधीच ठाऊक होतं... श्रावणातली गोष्ट. आता दोन महिने होत आले.

द्वारका माझी बायको. गावासाठी ती 'बाई' होती. तिचा बाप नगरला मिशनच्या शाळेत माळीकाम करायचा, त्यामुळं तिला सात यत्ता शिकायला मिळालं. मला तेव्हा सहीसुद्धा येत नव्हती. लग्नात माझ्या आईनं तिला विचारलं, "शिकलीस त्ये ठीक, भाकरी येती का?" तर म्हणाली, "येती की, पन करपती." आई मरेपर्यंत तिचं कौतुक करायची ती त्या एका उत्तरासाठी. पोरं मोठी झाली, कामाधंद्याला लांब गेली, तेव्हा तिनं मारुतीच्या देवळाच्या पडवीत बायकांचा वर्ग काढला. दुसरी मोठी लढाई सुरू झाली होती तो काळ. वेळ दुपारची, कारण खुरपणीवरून आल्यापासून संध्याकाळची चूल पेटेपर्यंत बाईला जेवढा वेळ तिचा स्वतःचा म्हणता येतो तेवढाच. मी म्हणालो, "यातनं काय निघनार?" ती म्हणाली, "तुमी बसा पहिल्या रांगेत, मग कळंल." पहिल्या रांगेत नाही, पण घरी चुलीपुढं बसून मी शिकलो. पंचेचाळिसाव्या वर्षी. आज हे लिहितोय ते त्याच्यावरच. अक्षर वाकडं आहे, पण माझंच आहे.

कोल्हारच्या अलीकडं आमचा मळा. तिथून एकाची पाच गावं झाली. आठवड्याचे पाच वार पाच गावांत, पायी किंवा कुणाच्या गाडीतून. अक्षरं शिकवणं हे काम राहिलं बाजूला. नवरा मारतो म्हणून बाई येणार, कंट्रोलचं रॉकेल मिळत नाही म्हणून अर्ज लिहायला येणार, मुलीला शाळेतून काढली म्हणून येणार, सासूशी पटत नाही म्हणून नुसतं रडायला येणार. नाही हा शब्द द्वारका बायकांना लिहायला शिकवायची, पण तिच्या तोंडातून तो कधी निघाला नाही. सकाळी उंबऱ्यात दोन बाया, संध्याकाळी चार. भाकरी टोपल्यातच वाळायची. तिची चोळी ढगळ झाली. रात्रंदिवस खोकला. जैतून तिची शिष्यीण, पिंजाऱ्याची विधवा सून, ती पहिल्यांदा मला म्हणाली, "दादा, बाई हल्ली हसत न्हाईत. फळ्याकडं तोंड करून शिकवत्यात. आमच्याकडं बघतच न्हाईत." मला वाटलं, बाईमाणसाचं बोलणं. मग एक दिवस द्वारकानं वर्गात गंगूवर हात उगारला. गंगू उसाच्या फडात राबणारी, 'ध' आणि 'घ' तिला दोन महिने वेगळे करता येईनात, एवढाच तिचा गुन्हा. हात उगारला, मारला नाही, पण उगारला. घरी आली आणि सरळ गोठ्यात जाऊन बैलापाशी बसली. मी गेलो तर म्हणाली, "मला त्या बायकांचा राग यायला लागलाय. सगळ्यांचा. त्या आल्या की वाटतं, ह्या मरत का न्हाईत." एवढं बोलून रडली नाही. रडायचंही त्राण नव्हतं.

मला समजूत काढता येत नाही. मी बैलाकडं बोट केलं. आमच्याकडं अमावस्येला औत धरत नाहीत. कितीही नड असो, पेरणी खोळंबो, त्या दिवशी जू खाली. बैलाचा खांदा सुजला तर त्याला मानेवर माशी बसू देत नाहीत. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदे गरम पाण्यानं शेकून लोणी-हळद चोळतात, आणि आज आवतण घ्या, उद्या जेवायला या, म्हणून हात जोडतात. मी म्हणालो, "त्याला बी महिन्याला एक अमावस्या असती. तुझी कवा?"

"मी काय बैल हाय?"

"बैल असतीस तर गावानं मला शिव्या घातल्या असत्या, काय दशा केली जनावराची म्हनून. बायको हाय, तर कोन इचारत न्हाई."

तिनं बैलाच्या मानेवरून हात फिरवला. मग म्हणाली, "दार कोन लावनार? मला लावता येत न्हाई."

"मी लावतो," मी म्हणालो. आणि तिथंच माझी चूक सुरू झाली, पण ते तेव्हा कसं कळावं...

त्या दिवसापासून अमावस्या तिची. सकाळी कढत पाण्यानं न्हाणं. आधी ती जेवायची, मागून मी. दुपारी माजघरात वाकळ टाकून झोपायची, खरी झोप, घोरायची सुद्धा. पहिल्या अमावस्येला मी तिच्या खांद्यांना तेल चोळायला बसलो तर म्हणाली, "सावकाश. उद्या शिंगं रंगवाल आन झूल बी घालाल." मी म्हणालो, "शिंगं तुला हायेतच, रंगवायची तेवढी राहिलीत." किती तरी महिन्यांनी ती हसली. एका दिवसानं काय होतं, असं मला लोक विचारायचे. एका दिवसानं काही होत नाही. पण पुढचे एकोणतीस दिवस तो दिवस येणार आहे म्हणून माणूस चालतो. वर्ष-दीड वर्षात तिच्या अंगावर मांस धरलं. गंगूला 'ध' आला. गंगूची पोर, अकरा वर्षांची, आईच्या मागं वर्गात येऊन बसायची, ती तर आईच्या पुढं गेली. द्वारका म्हणायची, ही पोरगी माझ्या जागी बसेल.

पौषातली अमावस्या होती. द्वारका आत झोपलेली. मी ओट्यावर दोर वळत होतो. गंगू आली, धापा टाकत. म्हणाली, "मामा, बाई हायेत का?" मी म्हणालो, "आज अमावस्या. उद्या ये." ती उभी राहिली. तिला बोलायचं होतं, मला दिसत होतं. मी मान खाली घालून दोर वळत राहिलो. मला वाटलं, असेल अर्जाबिर्जाचं. ती गेली. मी मनात म्हणालो, बरं झालं, शिस्त लागतेय गावाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडताच गंगूच्या घरी पाहुणे आले, नवऱ्यानं सुपारी फोडली, आणि पोर एका तीस वर्षांच्या बिजवराला ठरली. गंगू आदल्या दिवशी त्यासाठीच आली होती. द्वारका त्या दुपारी जाऊन गंगूच्या नवऱ्यापुढं उभी राहिली असती, तर त्यानं ऐकलं असतं. तो तिला मानायचा, कायद्याला तर भ्यायचाच. सुपारी फुटल्यावर मात्र शब्द गेला, आणि शब्द मोडायला भावकी तयार होईना. द्वारकानं आठ दिवस उंबरे झिजवले, उपयोग झाला नाही. माघात लग्न लागलं. पोरगी आज श्रीगोंद्याकडं नांदते, अंगावर मूल आहे. जिवंत आहे, एवढं म्हणायचं.

द्वारका माझ्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं होतं. एकदाच म्हणाली, "तुमी माझ्या भल्यासाठी केलं. पन तिला का आलीस म्हनून इचारायचं हुतं." त्यानंतर तिनं अमावस्या पाळली नाही. वर्ग नसला तर त्या दिवशी घरोघर जायची, जणू मागचे सगळे आराम फेडत होती. खोकला परत आला. आणि मी... माझं तोंड गेलं. कोणत्या तोंडानं म्हणू, निज म्हणून? दोन वर्षं मी तिला झिजताना बघितलं. बैल असता तर जू काढून फेकलं असतं. त्या शेवटच्या सकाळी तिनं भिंत धरली तेव्हाही मी म्हणूनच गप्प बसलो. लोक म्हणतात, बाईंनी देह झिजवला, केवढा त्याग. मला त्या शब्दाची चीड येते. तिला अजून दहा वर्षं शिकवायचं होतं. मरायचं नव्हतं.

दहाव्याला प्रवरेवरून परतलो, तेव्हा जैतून आणि गंगू ओट्यावर बसून होत्या. जैतून म्हणाली, "दादा, पाची गावचे वर्ग मी चालवते. बाईंचं नाव बंद पडू देनार न्हाई." तिचेही डोळे खोल गेलेले. मला ते ऐकवेना. मी म्हणालो, "मग तुझ्या बी दहाव्याला मलाच यावं लागंल." बोलून गेलो. आणि मग जे दोन वर्षं बोललो नव्हतो ते गंगूच्या समोर बोललो, तुझ्या पोरीचं वाटोळं मी केलं म्हणून. गंगू पदर दातात धरून बसली होती. मग म्हणाली, "व्हय, तुमी केलं. मी बी केलं. मी तरी उंबऱ्यातनं का मागं फिरले? वरडायचं हुतं. आन बाईंनी बी केलं, मामा. पाच गावांत नवऱ्याफुडं हुबं राहायला त्या एकट्याच का? मला 'ध' शिकवला, त्ये का न्हाई शिकवलं?" जैतून तिला गप्प करायला गेली. मी म्हणालो, बोलू दे, खरं बोलतेय. मेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये म्हणतात. पण द्वारकाला त्या दिवशीचं बोलणं आवडलं असतं, असं मला वाटतं.

आता पाच गावांना पाच जणी आहेत. गंगू तिच्या गावाचं बघते. चुका करते, अर्जात काना-मात्रा खाते, पण माणसापुढं उभी राहते. आणि महिन्याची अमावस्या आता जैतूनची. तिच्या घरी कापसाच्या पिंजणाचा आवाज, झोप कशी यायची, म्हणून ती इकडं येते. माजघरात द्वारका झोपायची त्याच जागी निजते. दारात मी बसत नाही. माझ्यावर माझाच भरवसा नाही. गंगू बसते.

परवाची अमावस्या. दुपारी वडाच्या वस्तीवरची एक बाई आली, मी गोठ्यातून ऐकत होतो. गंगू म्हणाली, "बाई निजल्यात. तू बस. पानी पी. काय झालंय त्ये मला सांग." त्या बाईनं सांगितलं, वस्तीवर एका सुनेला घराबाहेर काढलंय. गंगूनं पायात चपला घातल्या आणि तिच्याबरोबर गेली. त्या आवाजानं जैतून आत जागी झाली, उठून बसत म्हणाली, "दादा, कोन आलं हुतं? मी येते."

मी गोठ्यातून दारापर्यंत आलो आणि तिथूनच म्हणालो, "नीज तू. गंगू गेलीय."

ती परत आडवी झाली. थोड्या वेळानं घोरायला लागली. मी तिथंच उंबऱ्यावर बसून ते ऐकत राहिलो... बैलांना पाणी दाखवायचं राहून गेलं होतं.