व्हेलची उलटी

बाबांना किनाऱ्यावर राखाडी, मेणचट गोळा सापडला आणि आमच्या घरातली झोप उडाली. ही व्हेलची उलटी, कोटींचा माल, नशिबाचं दार उघडलं, असं म्हणत त्यांनी तो पोत्यात गुंडाळून जाळी ठेवायच्या खोपीत लपवला. आई म्हणाली, दार उघडलं खरं, पण तुरुंगाचं. अशी उलटी विकायला निघालेल्यांना पकडल्याच्या बातम्या पेपरात येतच होत्या. बाबा हट्टी. "दर्यान दिल्ला परत कित्याक देवचा?" एवढंच त्यांचं पालुपद.

त्यात आमच्या प्राणिशास्त्राच्या वर्गाची मुंबईच्या संग्रहालयाला भेट ठरली. कुडाळला गाडीत बसले, पण डोक्यात ती खोपच. समुद्री सस्तन प्राण्यांच्या दालनात सगळे डॉल्फिनच्या सांगाड्यासोबत फोटो काढत होते. मी मात्र स्पर्म व्हेलच्या जबड्यापाशी चिकटून उभी. शेवटी तिथल्या माहिती देणाऱ्या बाईंना विचारलंच, "आमच्या शेजाऱ्यांना उलटी सापडली, तर?"

बाई हसल्या. "उलटी कसली! ती आतड्यात तयार होते. हा व्हेल माकूल, म्हणजे स्क्विड, खातो, माकलाच्या चोची पचत नाहीत, त्यांच्याभोवती ती जमते. अस्सल गोळ्यात बहुधा चोची सापडतात. आणि शेजाऱ्यांना म्हणावं, ठेवणं गुन्हा आहे, वनखात्याला कळवा."

त्यांनी बाटलीतली काळी चोच दाखवली. जन्मभर माकलं साफ करताना हीच तर मी मांजरापुढे टाकत आले होते.

बाहेर येऊन घरी फोन लावला. "आये, कोयतीन काप तो गोळो. आत माकलाच्या चोची आसत काय बघ."

"थांब गो." मग नुसता कोंबड्यांचा आवाज.

"चोची खंय? सगळो पांढरो फटफटीत, मेणबत्तीसारखो. मधी नायलॉनच्या पोत्याचो तुकडो आसा, तेच्यार इंग्रजी अक्षरां."

तिने पाठवलेला फोटो मी परत आत जाऊन बाईंना दाखवला. "साधं मेण," त्या म्हणाल्या, "जहाजांवरून सांडतं, लाटांबरोबर येतं." मी तिथेच, त्या जबड्यासमोर, सगळ्यांदेखत रडले. इतकं हलकं मला परीक्षा संपल्यावरही कधी वाटलं नव्हतं. मैत्रिणींना वाटलं, मला व्हेलची दया आली.

घरी पोचले तर पावसात फुगून कायम अडकणारं मागचं दार एका बोटाने उघडलं. आईने चौकटीला ते मेण घासलं होतं. बाबा तोंड पाडून जाळं विणत बसले होते.

त्यांच्याकडे बघत आई म्हणाली, "आता पोलीस इले तरी मागल्या दारान पळूक जमात तुमका."