आउट झालं की उठायचं

त्या वर्षी आमच्या राळेगावकडच्या शाळेत संगणक आला. कुणीतरी दान दिलेला, एकच. त्यात गणिताचा खेळ होता. वरून गुणाकार पडत यायचे, जमिनीला टेकण्याआधी उत्तर दाबलं की धडाडकन फुटायचे. दोन-चार सुटले की खेळ खलास. पोरांनी आपसात नियम ठरवला, आउट होईल त्यानं उठायचं. मलाही बरं वाटलं. पाढे घोकून घेता घेता घसा बसला होता, तेवढंच खुर्चीला टेकायला मिळालं.

कापसाला भाव नव्हता. मजूर लावणं परवडत नव्हतं, म्हणून दिवाळीपासून सातवीच्या मुली वेचणीला वावरात. त्यातली एक संक्रांतीनंतर परत आली ती पाढे पार विसरून. यंदा पास झाली तरच पुढं शिकवीन, असं बापानं बजावलं होतं. खेळाला बसली की तिची गणितं पटापट जमिनीवर. मागून पोरी म्हणायच्या, "ऊठ वं, झाली तू आउट." हुशार पोरं मात्र लाइट जाईपर्यंत जागची हलत नसत.

एकदा ती उठलीच नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "मॅडम, ज्याले येते त्यालेच खेळाले भेटते. ज्याले येत नाही त्यानं कवा शिकाव?"

मला संताप आला, तिचा नव्हे. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही म्हणतात, आणि इथं पहिल्याच गटांगळीला पोरं काठावर. मी नियम फिरवला. आउट होईल त्यानंच पुन्हा बसायचं. हुशारांच्या घरून तक्रारी आल्या, मी ऐकून घेतल्या आणि सोडून दिल्या. होळीपर्यंत तिची गणितं वरच्या वर फुटू लागली. बोटांवरचे बोंडांचे ओरखडेही तोवर भरत आले होते.

परीक्षेत गणित निघालं. इंग्रजी आणि विज्ञान राहिलं. त्यांचे खेळ त्या संगणकात नव्हते, आणि माझ्या अंगातही तेवढं त्राण उरलं नव्हतं.

निकालाला बाप आला. त्यानं एवढंच विचारलं, "गनित येते नं तिले आता?"

"चांगलं येतं," मी म्हणाले.

"मंग झालं, मॅडम. घरच्या हिशोबापुरतं आलं."

पोरगी माझ्या तोंडाकडे बघत होती. मॅडम आताही काहीतरी नियम काढतील, असं तिला वाटत असावं. मी गुणपत्रिका बापाच्या हातात दिली.