कुसुममावशींनी मागे घेतलेला शब्द

आमच्या फ्रीगंजच्या मोहल्ल्यात मराठी घरात बाळ झालं की मिठाईच्या आधी कुसुममावशींना निरोप जातो. बाळ-बाळंतिणीला न्हाऊमाखू घालायचं त्यांचं काम. पाटावर बसून पाय लांब करायचे, बाळ पायांवर पालथं घ्यायचं, पाण्यात कोपर बुडवून बघायचं, आणि मग असा काही हात फिरतो की रडणारं पोर तिथेच डुलक्या घेऊ लागतं. माझा आल्हाद त्याच पायांवर वाढला. आता त्याचा मुलगा, आमचे नातूमहाराज, सव्वा महिन्याचे, तिथेच लोळतात. मी खुर्ची टाकून बघत बसतो. चारुलता, माझी बायको, म्हणते, "सर्कस आलीय का?" मी म्हणतो, हो, आणि तिकीटपण नाही.

मावशी मायेच्या, पण शब्द मागे घेणं त्यांना ठाऊक नाही. एकदा आम्ही सगळे भोपाळला लग्नाला निघालो होतो. त्यांनी ठणकावून सांगितलं, गाडी एक नंबरवर येते. आली पलीकडे. आम्ही पुलावरून पळत गेलो, मावशी एक नंबरवर बसून राहिल्या. गाडी निघून गेली, आणि ह्यांनी घरी येऊन जाहीर केलं की रेल्वेवाल्यांनी आज चुकीच्या जागी लावली. आमच्या खेड्यातल्या शाळेत एक मास्तर असेच होते. फळ्यावरची चुकलेली बेरीज पुसायचे नाहीत, वरचे आकडे बदलायचे. असो, मास्तर राहू देत.

त्या रविवारी सकाळी आंघोळ चालली होती. मावशींनी बाळाला उताणं घेतलं, बोटाला तेल लावलं आणि त्याच्या शूच्या जागेची कातडी मागे सारायला लागल्या. बाळ कळवळून रडलं. सूनबाई मधुरा पुढे झाली.

"मावशी, ते नको. वरून पाणी टाका, बस."

"नको कसं? मुलगा आहे. रोज थोडी थोडी मागे सारावी लागते, नाही तर पुढे कापावी लागते. तुझ्या नवऱ्याची पण मीच केली. विचार भाऊजींना."

भाऊजी म्हणजे मी. मी पेपर वर धरला. आल्हाद आरशासमोर दाढी करत होता, तो अर्ध्या दाढीनिशी आत गेला.

"तेव्हा करत असतील," मधुरा म्हणाली. "माझ्या बाळाला नको."

मावशींनी बाळाला पंच्यात गुंडाळलं. मग हळूच म्हणाल्या, "माझी देवासची सून असंच बोलली होती. अश्विनीनं मला नातवाला हात लावू दिला नाही. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. आता पोरगा दोन वर्षांचा झाला, कातडी काही मागे जात नाही. गुरुवारी ऑपरेशन आहे. मीच आमच्या श्रीनाथला, तिच्या नवऱ्याला, सांगितलं, करून टाक."

"त्याला काही त्रास होतोय का?"

"त्रास झाल्यावर करायचं का?"

मधुरा वाद घालणारी नाही. तिला बाळाला लसीचा टीका लावायला टावर चौकाजवळ डॉक्टर निहारिकांकडे न्यायचंच होतं. ती म्हणाली, "चला माझ्याबरोबर. त्यांनाच विचारू." मावशी निघाल्या, त्या मधुराला खोटं पाडायला. थैली धरायला मी.

डॉक्टरीण तरुण, बोलणं गोड, अर्धं हिंदी अर्धं मराठी. टीका लावून झाल्यावर मधुरानं विचारलं, तशी त्या मावशींकडे वळून म्हणाल्या, "अम्माजी, इसको छेड़ना नहीं." मग समजावून सांगितलं. तान्ह्या मुलाची ती कातडी आतून चिकटलेली असते, नख बोटाला असतं तशी. ती आपली आपण सुटते. कोणाची तीन वर्षांनी, कोणाची दहा वर्षांनी, कोणाची त्याच्याही नंतर. ओढली तर आत बारीक चिरा पडतात, आणि त्या भरताना कातडी उलट आवळते. नुसतं वरून कोमट पाण्यानं धुवायचं. आत साबण, तेल, पावडर काही नाही. ओली लंगोटी लगेच बदलायची. लाली, सूज, ताप आला, किंवा शू करताना मूल रडलं, थेंब थेंब झाली, तर दाखवायला आणायचं. आणि कोणी मागे ओढल्यावर कातडी तिथेच अडकून बसली, तर एक मिनिट थांबायचं नाही, पळत यायचं. मूल मोठं झालं, कातडी आपणहून मागे जायला लागली, की त्यालाच धुवायला शिकवायचं.

मावशी पदराशी चाळा करत होत्या. "आणि दोन वर्षांच्याची मागे नाही गेली तर?"

"पेशाब की धार सीधी आती है?"

"धार? परवा व्हिडिओवर दाखवली त्यानं मला. भिंतीपर्यंत."

"सूज, ताप, रडणं?"

"नाही."

"मग फक्त मागे जात नाही म्हणून ऑपरेशन कशाला? एकदा मुलांच्या डॉक्टरला दाखवा. पण हे दुखणं नाही, अम्माजी. वय आहे."

मावशींनी मधुराच्या मांडीवरच्या बाळाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "जी पोरं माझ्या पायांवर रडली, ती सगळी…?"

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "आपने वही किया जो आपको सिखाया गया. आज से बंद."

बाहेर आलो. मधुरा बाळाला घेऊन औषधाच्या दुकानात गेली. मी समोरच्या टपरीवर मावशींना स्टुलावर बसवून पोहे सांगितले, त्यांनी प्लेटकडे बघितलंही नाही. फोन माझ्यापुढे धरला.

"भाऊजी, चष्मा घरी राहिला. श्रीनाथला लावा. आणि तुम्हीच सांगा, डॉक्टर असं म्हणाल्या म्हणून."

"लावून देतो. बोलायचं तुम्ही."

"तुम्ही पहिल्यापासून कुचकामी," मावशी म्हणाल्या आणि फोन कानाला लावला. आवाज मोठा असतो त्यांच्या फोनचा, मला सगळं ऐकू येत होतं. उचलला तो सुनेनं.

"आई? हे आंघोळीला गेलेत."

मावशींचा चेहरा बघण्यासारखा झाला. आधी विचारलं, पोरगा जेवला का. मग, दूधवाला येतो का. मग देवासला ऊन किती. अश्विनी हो-नाही करत राहिली, आणि शेवटी तीच म्हणाली, "आई, गुरुवारी तुम्ही येणार आहात का? हे विचारत होते."

"गुरुवारचं रद्द कर."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"ऐकतेस ना? कापायचं काही नाही. मी चूक सांगितलं होतं. तू हात लावू दिला नाहीस ते बरं केलंस."

"आई," अश्विनी घाईघाईनं म्हणाली, "एक मिनिट थांबा. हे आले बाहेर. माझं ऐकणार नाहीत, मी दहा वेळा सांगून बसलेय. स्पीकरवर टाकते. तुम्हीच परत सांगा."

मावशींनी माझ्याकडे बघितलं. मी पोह्यांवर शेव घालून घेत होतो. त्या स्टुलावरून उठल्या, पदर खोचला, आणि रविवारच्या गर्दीत, ऑटोवाल्यांनी वळून बघावं इतक्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "श्रीनाथ, तुझी आई चुकली. सुनेचं ऐक."