न्हाय म्हणायचं न्हाय

निजामाच्या राज्यात, मुरूम गावच्या बाजाराला लागून एक जिनिंग कारखाना होता. कापसातली सरकी काढायची आणि रुई वेगळी करायची, हे तिथलं काम. मी तिथं मिस्त्री होतो. तेलावरचं इंजिन, त्याचे पट्टे आणि यंत्रांखालच्या खंदकात फिरणारा लांब शाफ्ट, एवढं माझं राज्य. बाकीचं मालकाचं. मालकाला सगळे अप्पा म्हणत. अप्पा विभूती लावून सकाळीच कारखान्याच्या अंगणातल्या लिंबाखालच्या बाजेवर येऊन बसत आणि तिथनं दिवसभर ओरडत, मराठीत कमी, कानडीत जास्त. आम्हीही उलट ओरडत असू. यंत्रांच्या आवाजात त्याशिवाय ऐकूच यायचं नाही. कोण रागावलंय आणि कोण नुसतं बोलतंय हे कळत नसे, आणि त्यावाचून कुणाचं अडतही नसे.

जर्मन-जपानच्या लढाईच्या दिवसांत अप्पांचा गुडघा धरला. घराबाहेर पडणं जमेना, तेव्हा त्यांनी धाकट्या जावयाला बोलावून घेतलं. जावई नांदेडकडचा, हैदराबादेत शिकलेला. शेरवानी, चकाकते बूट, आणि बोलणं इतकं गोड की ऐकणाऱ्याला आपण काहीतरी गुन्हा केलाय असं वाटावं. आम्ही त्याला साहेब म्हणायचं असं ठरलं. म्हणजे त्यानंच ठरवलं.

पहिल्याच दिवशी त्यानं सगळ्यांना अंगणात गोळा केलं. यंत्रांवर बसणाऱ्या बाया, हमाल, मुकादम आणि मी. स्वतः सावलीत खुर्चीवर बसून त्यानं आम्हाला उन्हात तासभर तकरीर, म्हणजे भाषण, ऐकवलं.

"आजपासून इथं कुणी मालक नाही, कुणी मजूर नाही," तो म्हणाला. "आपण सगळे एक खानदान आहोत."

माझ्याशेजारी आक्का उभी होती. सगळ्यात जुनी बाई. यंत्रात कापूस घालता घालता तिचे केस पिकले होते, का रुईनं पांढरे झाले होते, ते सांगता आलं नसतं. ती हळूच म्हणाली, "खानदानातल्या एकाला तरी खुर्ची मिळाली."

मग साहेबांनी नियम सांगितला. कारखाना मागं पडतो तो रडगाण्यानं. हे मोडलं, ते सरलं, हे जमत नाही. हे सगळं बंद. "माझ्यासमोर कुणी न्हाय म्हणायचं न्हाय," असं त्यांनी आमच्याच बोलीत, आम्हाला नीट कळावं म्हणून सांगितलं. जो म्हणेल त्यानं अर्धा दिवस फाटकाबाहेर उभं राहायचं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं.

"सायबच दोनदा म्हनला की," आक्का पुटपुटली. पण साहेब नियम करणारे होते, त्यांना तो लागू नव्हता.

आठवडाभर फाटकाबाहेर गर्दी झाली. एका हमालाला विचारलं, जेवलास का, तर तो सवयीनं न्हाय म्हणाला आणि उपाशीच फाटकाला जाऊन उभा राहिला. त्यानंतर माणसं शिकली. सगळ्यात लवकर मुकादम शिकला. साहेबांनी काहीही विचारावं, त्याचं उत्तर तयार.

"आगीच्या बादल्या भरल्या का?"

"भरत आल्यात जी."

खुंटीला टांगलेल्या त्या लाल बादल्यांत गेल्या दसऱ्यापासून पाण्याचा थेंब नव्हता. एकीत चिमणीनं घरटं केलं होतं. साहेब दुरून बादल्यांकडं बघत आणि खूश होत. जवळ जाऊन बघणं त्यांच्या रिवाजात बसत नव्हतं. त्यांनी मुकादमाला सगळ्यांसमोर फेटा बांधला. तो फेटा घालून मुकादम महिनाभर असा चालत होता, जणू डोक्यावर दुधाचं भांडं आहे.

आता माझं सांगतो.

त्याच सुमारास शाफ्टचं मधलं बेअरिंग तापायला लागलं. आतलं बुश, म्हणजे शाफ्ट जिच्यात फिरतो ती पितळी कडी, झिजलं होतं. मुंबईहून नवं मागवायला लढाईमुळं महिने लागले असते, पण सोलापूरला एक जण ओतून देणारा होता. आठ दिवस कारखाना बंद ठेवला असता तर काम झालं असतं. खंदकात रुईचा धुरळा गुडघाभर साचलेला असतो. तिथं तापलेलं लोखंड म्हणजे काय, हे मला सांगायला नको होतं. मी साहेबांकडं गेलो.

"साहेब, मधलं बेअरिंग तापतंय. आठ दिवस बंद ठेवून बुश बदलू."

"हंगामाच्या तोंडावर? मिस्त्री, तुम्ही शहाणे माणूस. चालवता येईल का, एवढं सांगा."

"येईल, पण धोका हाय."

"म्हणजे तुम्ही न्हाय म्हणताय."

"म्या न्हाय म्हणलो न्हाय."

साहेब शांतपणे हसले. "दोनदा म्हणालात."

मी फाटकाला उभा राहिलो. त्या दिवशी आठवड्याचा बाजार होता. अर्धं मुरूम माझ्यासमोरनं गेलं. माझे व्याही बैल घेऊन चालले होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मग बैलाच्या शिंगाकडं बघत पुढं गेले. त्यांनी काही विचारलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी साहेब इंजिनखोलीत आले. "काय मिस्त्री, बेअरिंग कसं आहे?"

"चांगलं हाय जी," मी म्हणालो.

हे बोलायला मला वाटलं होतं तितकं जड गेलं नाही, आणि तेच मला आजवर सलतं. उलट बरं वाटलं. साहेबांनी पाठीवर हात ठेवला. मी बेअरिंगवर ओली पोती टाकत राहिलो, दर तासाला तेल घालत राहिलो आणि स्वतःला सांगत राहिलो की मी सांगायचं ते सांगून चुकलोय. मुकादमाला मी मनात हसत होतो. त्याच्यात आणि माझ्यात फरक उरला होता तो फेट्याचा.

हंगाम भरात आला तेव्हा अप्पांना कारखाना बघायची इच्छा झाली. साहेबांनी तयारी केली. बायांना धुतलेली लुगडी नेसून यायला सांगितलं. अप्पांनी विचारलं तर काय म्हणायचं तेही पाठ करून घेतलं: आम्ही खुशीत आहोत. हे वाक्य म्हणताना बाया एवढ्या हसायच्या की साहेबांना वाटलं, खरंच खुशीत आहेत.

अप्पा दोघांच्या खांद्यावर हात टाकून, दोन-तीन व्यापाऱ्यांना बरोबर घेऊन आले. यंत्रं चालू होती. साहेब पुढं, मुकादम मागं. अप्पांनी एका बाईला विचारलं, दुसरीला विचारलं. दोघीही खुशीत. अप्पांच्या कपाळाला आठी पडली. पन्नास वर्षं धंदा केलेला माणूस. इतकी खुशी त्यांनी कुठं बघितली नव्हती. ते आक्कासमोर थांबले.

"काय ग, कसं चाललंय?"

आक्कानं एकदा साहेबांकडं बघितलं. मग कानडीत म्हणाली, "छलो इल्लरी, अप्पा." म्हणजे, चांगलं न्हाय. बंदी मराठी न्हायवर होती. इल्लचा कुणी विचारच केला नव्हता. नांदेडकडच्या साहेबांना कानडीचं अक्षर येत नव्हतं. ते मान डोलावून हसत राहिले.

आक्का बोलत गेली. खालून करपल्याचा वास येतोय. पायाखालची फळी चटका देते. मिस्त्री दिवसभर पोती भिजवतो आणि विचारलं की तोंड फिरवतो. हे सगळं ती कापूस घालता घालता, आवाज न चढवता सांगत होती.

साहेबांनी अप्पांना विचारलं, "काय म्हणते?"

"तुमची तारीफ करतीय," अप्पा म्हणाले आणि माझ्याकडं वळले. "मिस्त्री, इंजिन बंद कर."

मी धावलो. तेल तोडलं, पण शाफ्ट लगेच थांबत नाही. तो शेवटचे फेरे घेत असतानाच खंदकातनं धूर आला आणि पाठोपाठ जाळ. बाया उठून बाहेर पळाल्या. कुणीतरी आगीच्या बादल्या ओढल्या. त्या एवढ्या हलक्या आल्या की ओढणारा मागं कोलमडला. मग आम्ही हातानं, पाटीनं, धोतराच्या ओच्यातनं माती नेऊन टाकली. एका हमालानं पोत्याखाली जाळ दाबला. आक्का आपल्या शेजारच्या बाईचा अडकलेला पदर सोडवायला परत आत गेली. तिचा डावा हात कोपरापर्यंत भाजला. एक छप्पर आणि त्याखालची रुई गेली. माणूस गेलं नाही, यात आमचं कौतुक काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी आम्हाला घरी बोलावलं. मुकादमाला विचारलं, बादल्या रिकाम्या होत्या हे का सांगितलं न्हाईस. तो म्हणाला, "भरत आल्यात म्हणलो होतो जी. भरल्यात म्हणलो न्हाय." त्याची चूक होती असं त्याला मरेपर्यंत वाटलं नसावं.

मग माझी पाळी. मी सांगितलं की पहिल्यांदा खरं बोललो आणि दुसऱ्यांदा खोटं.

"फाटकाला उभं केलं म्हणून?" अप्पांनी विचारलं.

"व्हय."

"लाज वाटली?"

"व्हय."

"कशाची?"

मी तेलकट हात धोतराला पुसत राहिलो. अप्पांनी गुडघा चोळला. मग म्हणाले, "जा. बुश काढून सोलापूरला घेऊन जा."

जावयाला कुणी काढून टाकत नाही. साहेबांना धाराशिवला पाठवलं, तिथल्या कचेऱ्यांतली अप्पांची कामं बघायला. जाताना त्यांना निरोपाचा हार घातला. मुकादमही बरोबर गेला. कचेरीत त्या दोघांचं फार चांगलं चाललं म्हणतात, आणि मला त्याचं नवल वाटलं नाही.

अप्पा परत लिंबाखाली आले. आगीनं ते हादरले होते. आता त्यांनी नवी रीत काढली. रोज सकाळी इंजिन सुरू व्हायच्या आधी ते विचारत, आज काय बिघडलंय. कुणीतरी काही बिघडलेलं सांगेपर्यंत चहाला हात लावत नसत. पहिले पंधरा दिवस त्यांना भरपूर ऐकायला मिळालं. पट्टे, फळ्या, रांजण, सगळं दुरुस्त झालं. त्यानंतर बिघडलेलं संपलं आणि चहा गार व्हायला लागला. मग नवा मुकादम आदल्या दिवशीच फिरून तक्रारी जमवून ठेवू लागला. उद्या तू दाराची कडी सांग, तू पाट्या सांग. एका हमालानं तर अप्पांचा रुमाल नीट बांधलेला नाही अशी तक्रार केली. अप्पांनी ती मोठ्या आनंदानं ऐकली. एकेकाळी न्हाय म्हणायला भिणारी तीच माणसं आता व्हय म्हणायला कचरत होती.

आक्काचा हात बरा झाला, पण बोटं पुरती मिटेनात. ती तरीही कामाला येत राहिली. तिची तक्रार मात्र खरी होती आणि एकच होती. आत रुईचा धुरळा कोंडतो, बाया खोकून खोकून बेजार होतात, पश्चिमेच्या भिंतीला खिडकी पाडा. अप्पा तिचं रोज ऐकत. मान हलवत. "बरोबर हाय तुजं," म्हणत आणि चहा पीत. असे चार हंगाम गेले. मधल्या काळात निजामाचं राज्य गेलं, तहसिलीवरचा झेंडा बदलला, खिडकी मात्र झाली नाही.

"अप्पा ऐकतात लई," एकदा आक्का मला म्हणाली. "ऐकूनच त्यांचं पोट भरतंय."

पुढच्या सोमवारी आक्का दोघी बायांना घेऊन लवकर आली. माझ्या खोलीतनं तिनं पहार मागून घेतली. कशाला, मी विचारलं नाही. इंजिन तापवत असताना मला भिंतीवरचे ठोके ऐकू येत होते. अप्पा आले तोवर पश्चिमेच्या भिंतीला बैलाचं डोकं जाईल एवढं भगदाड पडलं होतं आणि तिघी बाया आपापल्या जागी कापूस निवडत बसल्या होत्या. केसांवर रुईऐवजी माती होती.

अप्पा काठी टेकत आत आले. भगदाडातनं बाहेर बघितलं. बाहेर सरकीचा ढीग होता, एक शेळी होती. ते आक्काकडं वळले. ती कापूस निवडतच राहिली.

"सुताराला बोलवा," अप्पा मला म्हणाले. "चौकट बसवून घ्या."