समता कॉलोनीतला वकील
चंदनी रूम फ्रेशनरचा वास आला की मला समता कॉलोनीतलं ते गारेगार ऑफिस आठवतं. दिवाणी, व्यापारी, भाडेकरूंचे, सगळेच दावे आपण लढवतो, असं तो वकील मिशीवरून बोट फिरवत सांगत होता. जागामालकानं आईच्या पंडरी बाजारातल्या कापडदुकानाला कुलूप ठोकलं होतं. आईनं विश्वासानं त्याला सगळं सांगितलं, भाडेकरार हरवल्याचंसुद्धा. "हव दीदी, चिंता मत करो," तो म्हणाला. पहिल्याच तारखेला तो जागामालकाकडून उभा राहिला आणि करार कुठे आहे, हेच त्यानं आधी विचारलं. बाहेर आई त्याला म्हणाली, "काहून केलं जी असं? मी तुमाले माणूस समजून सांगितलं होतं." तो हसत गाडीत बसला. दुकान गेलं. परवा एका लग्नात त्यानं मला हात जोडले. मी त्याच्याकडे नीट पाहिलं आणि माझे हात खिशातच ठेवले.